बारातारीचे कान

भंडाऱ्याच्या बाजारात पितळेचा गुंड घ्यायला आलेली बाई आधी त्याच्यावर टिचकी मारते. आवाज लांबला की भांडं एकसंध. आवाज मध्येच तुटला किंवा खरखरला की कुठेतरी डाग आहे, नाहीतर भेग. दुकानदारालाही त्यात वावगं वाटत नाही. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या या गावात धातूच्या आवाजावरून त्याच्या पोटातलं ओळखायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

गेल्या दिवाळीनंतर दोन इलेक्ट्रिक गिटारी शेजारी ठेवून ऐकायचा योग आला, तेव्हा मला ही टिचकी आठवली. एक गिटार माझी, दुसरी नागपूरच्या मित्राची. दोन्ही बारा तारांच्या, दोन्ही आतून अर्ध्या पोकळ, मानेची लांबी एक, आणि त्या दिवशी मुद्दाम एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या नव्या तारा दोन्हींवर चढवलेल्या. बोटाने ठोकून पाहिलं तर दोन्हींचं लाकूड जवळपास सारखंच बोललं. ॲम्प्लिफायरला जोडल्यावर मात्र दोघी बहिणी राहिल्या नाहीत. माझ्या गिटारीत जोडीतली प्रत्येक तार स्वतंत्र ऐकू येत होती, जाडही आणि बारीकही. मित्राच्या गिटारीत त्या दोन तारा मिसळून एकच भरदार, गोलसर सूर होत होता. बारीक तार असून नसल्यासारखी. "तुझी नवी आहे ना बे, म्हणून असेल," तो म्हणाला. तसं नव्हतं. फरक लाकडात नव्हता, वयात नव्हता. फरक होता तारांखाली बसवलेल्या, आगपेटीपेक्षा थोड्या लांब अशा दोन पट्ट्यांमध्ये. त्यांना पिकअप म्हणतात.

बारा तारा म्हटलं की बारा सूर असतील असं वाटतं. सूर सहाच असतात. साध्या गिटारीच्या प्रत्येक तारेला इथे एक जोडीदार मिळतो. खालच्या सुरांच्या चार जोड्यांमध्ये एक तार जाड आणि दुसरी तिच्या बरोबर एक सप्तक वर लावलेली बारीक. वरच्या दोन जोड्यांमध्ये दोन्ही तारा एकाच सुरात. आकड्यांत सांगायचं तर सर्वांत जाड तार सेकंदाला ८२ वेळा थरथरते आणि तिची जोडीदार १६५ वेळा. या रचनेतली एक गोष्ट पुष्कळ वाजवणाऱ्यांच्याही ध्यानात येत नाही: या गिटारीतला सर्वांत उंच सूर टोकाच्या तारेत नसतो. तो तिसऱ्या जोडीतल्या बारीक तारेत असतो, ३९२ हर्ट्झचा. ही तार जेमतेम ०.२ मिलिमीटर जाड असते, सगळ्यांत आधी तुटते, आणि बारातारीची सगळी चमक तिच्या जिवावर असते. या लेखात पुढे तिचं नाव पुन्हा येईल.

मराठी कानाला तारांची जोड नवी नाही. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी मधल्या दोन तारांना आपण जोड म्हणतो. दोन्ही षड्जात लावलेल्या. तंबोरा लावणारा माणूस त्या दोन तारा जवळ आणत आणत नेतो, आणि त्या अगदी मिळायच्या आधी एक हळुवार हेलकावा ऐकू येतो. शाळेच्या पुस्तकात त्याला विस्पंद म्हटलं आहे. एक तार ३३० आणि दुसरी ३३१ वेळा थरथरत असेल तर दर सेकंदाला एकदा त्यांच्या लाटा एकमेकींत मिळतात आणि एकदा एकमेकींना खोडतात. आवाज फुगतो, ओसरतो. तंबोऱ्यात हा हेलकावा शक्य तितका नाहीसा करायचा असतो. बारातारीत तो थोडा राहू द्यायचा असतो. दोन तारा गणिताने तंतोतंत जुळल्या तर त्यांचा आवाज एकाच जाड तारेसारखा होतो आणि बारा तारा लावायचं कारणच उरत नाही.

सप्तकाच्या जोड्यांमध्ये तर हा हेलकावा पुसताही येत नाही. जाड तार नुसती आपल्या मूळ सुरात वाजत नसते. तिच्यातून दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वरही निघत असतात. पोलादाला स्वतःचा ताठरपणा असतो, म्हणून हे उपस्वर नेमक्या पटीत न येता किंचित चढे येतात. त्यामुळे बारीक तार मूळ सुराच्या बरोबर दुप्पट लावली तरी जाड तारेचा दुसरा उपस्वर तिच्यापेक्षा केसभर वर राहतो, आणि दोघींत एक मंद कंप चालूच राहतो. बारातारीचा जो झगझगता आवाज आपण ओळखतो तो या न जुळण्यातून आलेला आहे. पिकअपचं काम हे न जुळणं इमानाने पोचवण्याचं. मित्राच्या गिटारीचे पिकअप तेच मिटवून टाकत होते.

मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांचं काम याच बारीक गोष्टीभोवती फिरतं. तिथली ही परंपरा एकोणिसाव्या शतकातली, शिकलगार घराण्यांनी उभी केलेली. हत्यारांना धार लावणारे हात वाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानसीने घासून असा किंचित बाकदार करतात की तार तिथे टेकता टेकता सुटते आणि वरचे उपस्वर उमलून येतात. ही जवारी. तारेखाली सुताचा धागा सरकवून ती नेमकी उघडतात. म्हणजे दोन सारखे तंबोरे वेगळे बोलतात त्याचं कारण मुख्यतः भोपळ्यात किंवा तुणीच्या लाकडात शोधायचं नसतं, घोडीवरच्या अर्ध्या इंचात शोधायचं असतं. इलेक्ट्रिक गिटारीत घोडी जवारीसाठी नसतेच. कारागिराच्या कानसीने तिथे जे घडतं त्यातलं बरंचसं इथे पिकअपच्या तारेने, चुंबकाने आणि जागेने घडतं.

पिकअप म्हणजे मायक्रोफोन नव्हे. त्याच्यासमोर तोंड नेऊन गा, तो ऐकणार नाही. त्याला हवेतला आवाज कळत नाही, फक्त पोलादाची हालचाल कळते. आत एक चुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक, सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकाच्या जवळ असल्यामुळे वरची पोलादी तारही थोडी चुंबक होते. ती हलली की वेढ्यांमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि तांब्यात वीज उमटते. मायकेल फॅरडेने हे तत्त्व १८३१ साली दाखवलं. बरोबर शंभर वर्षांनी, १९३१ साली, अमेरिकेत जॉर्ज बोशांने त्यावर चालणारी गिटार उभी केली. घोड्याच्या नालेसारखे चुंबक लावलेली ती गिटार दिसायला लांब दांड्याच्या तव्यासारखी होती आणि तिला नावही तव्याचंच पडलं. त्याला पेटंट मिळालं १९३७ मध्ये. ती बनवणाऱ्या कंपनीचं नाव पुढे रिकनबॅकर झालं, आणि बारातारीच्या गोष्टीत हेच नाव सर्वांत मोठं आहे.

आपल्याकडे हे तंत्र लाखो लोकांनी रस्त्यावर ऐकलेलं आहे, फक्त त्याला त्या नावाने कोणी ओळखत नाही. महाराष्ट्रातल्या मिरवणुकांमधली बँजो पार्टी आठवा. तिथला बँजो म्हणजे अमेरिकेचा कातडी बँजो नव्हे. तो बुलबुलतरंग, जपानमध्ये नागोया इथे १९१२ साली गोरो मोरिता यांनी बनवलेल्या तायशोगोतो या वाद्याचा आपल्या मातीत रुजलेला वंशज. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबायच्या आणि खालच्या पोलादी तारा छेडायच्या. सुरावटीच्या तारा एकापेक्षा जास्त आणि एकाच सुरात लावलेल्या असतात, म्हणजे इथेही जोड आहेच. त्या तारांखाली पिकअप बसवून त्याचा आवाज कर्ण्यातून काढला आणि बँजो ढोलताशांच्या बरोबरीला आला. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये या वादकांवर ‘बँजो’ नावाचा चित्रपटच केला, रितेश देशमुख त्यात होते. ज्याने विसर्जनाच्या मिरवणुकीत तो टणकार ऐकला आहे, त्याला बारातारीचा आवाज परका वाटायचं कारण नाही.

आता दोन सारख्या गिटारींकडे परत येऊ. पहिला प्रश्न विचारायचा तो पिकअप कुठे बसवला आहे हा.

तार छेडली की ती सगळीकडे सारखी हलत नाही. प्रत्येक उपस्वराच्या काही जागा अशा असतात जिथे तो तार हलवतच नाही. पिकअप नेमका अशा जागेखाली असेल तर तो उपस्वर त्याच्यापुरता मेलेला. तारेची लांबी ६२८ मिलिमीटर धरली आणि पिकअप घोडीपासून १५७ मिलिमीटरवर, म्हणजे बरोबर चतुर्थांशावर बसवला, तर चौथा उपस्वर गेला, आठवाही गेला. साध्या सहा तारांच्या गिटारीत हा खड्डा ऐकू येतो, त्या जागेचा तो पोकळ, मऊ आवाज काही जणांना आवडतोही. बारातारीत त्याच जागी फार सुंदर गोष्ट घडते. जाड तारेचा हरवलेला चौथा उपस्वर म्हणजे ८२ च्या चौपट, सुमारे ३३० हर्ट्झ. आणि शेजारच्या बारीक तारेचा दुसरा उपस्वर म्हणजे १६५ च्या दुप्पट, तेही ३३० हर्ट्झच. त्या जागेवर बारीक तारेचा दुसरा उपस्वर सर्वांत जोरात हलत असतो. एका तारेचा खड्डा दुसरी तार भरून काढते, तेही नेमकं तिथे जिथे तिला सर्वांत जास्त बळ आहे. ६५९ हर्ट्झवर मात्र दोघीही गप्प असतात. पडद्यावर बोट ठेवलं की तारेची लांबी बदलते आणि हे सगळे खड्डे सरकतात, म्हणून वाजवताना आवाज एकसुरी होत नाही. हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा कितीतरी वेळ त्या दोन ओळींकडे बघत बसलो होतो.

घोडीजवळच्या पिकअपची गोष्ट वेगळी. तिथे मूळ सूर तारेला फारसा हलवत नाही, वरचे उपस्वरच जास्त जोर धरतात. आवाज बारीक, टोकदार. रिकनबॅकरच्या जुन्या गिटारींमध्ये घोडीजवळच्या पिकअपच्या वाटेत ०.००४७ मायक्रोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर असायचा, तो उरलासुरला खर्जही गाळून टाकी. त्या कंपनीच्या बारातारीची घंटेसारखी किणकिण कुठून येते याचा अर्धा उलगडा त्या काही आण्यांच्या तुकड्यात आहे.

दुसरा प्रश्न वेढ्यांचा. वेढे वाढवले की आवाज मोठा येतो, म्हणून नवख्याला जास्त वेढ्यांचा पिकअप चांगला वाटतो. त्याची किंमत वरच्या सुरांत मोजावी लागते. कॉइलचा, म्हणजे या वेढ्यांच्या गुंडाळीचा, इंडक्टन्स वेढ्यांबरोबर वाढतो; तो आणि केबलची धारिता मिळून एक शिखर ठरतं. त्या वारंवारतेपर्यंत आवाज उठतो आणि पुढे झपाट्याने पडतो. नेहमीच्या सिंगल कॉइल पिकअपचा इंडक्टन्स २.४ हेन्रीच्या आसपास धरा, दोन कॉइलच्या हमबकरचा ४.५ हेन्री. केबलच्या दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड, आणि कॉइलची स्वतःची आणखी १००. तीन मीटरच्या केबलवर सिंगल कॉइलचं शिखर सुमारे ५१०० हर्ट्झवर येतं, हमबकरचं ३७५० वर. आता सिंगल कॉइललाच सहा मीटरची केबल लावा: शिखर उतरून ३९०० वर येतं, म्हणजे जवळजवळ हमबकरच्या शेजारी. दोन गिटारींची तुलना करताना एकीला छोटी आणि दुसरीला लांब केबल लावली असेल, तर ती तुलना गिटारींची राहतच नाही. असं कितीदा होतं! दुकानात एक गिटार काउंटरजवळच्या ॲम्प्लिफायरवर ऐकवतात आणि दुसरी कोपऱ्यातल्या, लांब वायरच्या. मग माणूस घरी जाऊन लाकडाच्या जातीवर बोलतो.

हमबकर का निघाला हेही न्यायाने सांगायला हवं. कॉइल ही एक अँटेनाच असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची; ट्रान्स्फॉर्मर, ट्यूबलाइट, जनरेटर यांची गुणगुण कॉइल गोळा करते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन कॉइल शेजारी बसवून, एकीचे वेढे आणि चुंबक उलटे ठेवून ही गुणगुण खोडून काढली. १९५७ पासून तो पिकअप गिटारींवर आला. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, याचं मोल कळतं. भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू होतात, गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, आणि मंडपात दिव्यांच्या माळा, जनरेटर, साउंडचे रॅक सगळे एकमेकांना खेटून असतात. अशा मंडपात साध्या सिंगल कॉइलची गिटार घेऊन बसा, नायिकेच्या हळव्या संवादाखाली तुमची गिटार गुणगुणत राहील. तिथे हमबकर लावणाऱ्याला मी नाव ठेवणार नाही.

पण बारा तारांशी त्याचं जमत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या दोन कॉइल एकमेकींपासून सुमारे १८ मिलिमीटरवर असतात, म्हणजे तो तारेला एकाच वेळी दोन जागी ऐकतो. सर्वांत जाड तारेचे ३००० हर्ट्झच्या आसपासचे उपस्वर त्या दोन जागी एकमेकांच्या उलट हलतात आणि बेरजेत नाहीसे होतात. बारीक तारेला ही वजाबाकी तितकी लागत नाही, पण तिला वरचा इंडक्टन्स गाठतो. दोन्ही बाजूंनी चमक जाते. सहा तारांवर हे गोलसरपण भरदार वाटतं. बारांवर ते गर्दी करतं.

हे ऐकून पाहायला महागड्या दोन गिटारी लागत नाहीत. लेड झेपेलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ काढा. १९७१ च्या रेकॉर्डवर जिमी पेजने बारा तारांचे भाग फेंडर कंपनीच्या ‘इलेक्ट्रिक ट्वेल्व्ह’वर वाजवले आहेत. तेच गाणं मंचावर वाजवायचं तर सहा आणि बारा तारा दोन्ही हाताशी हव्यात, म्हणून त्याने गिब्सनची दोन मानांची गिटार घेतली, हमबकरवाली. १९७३ मधल्या न्यूयॉर्कच्या मैफलींवर निघालेल्या चित्रपटात ती दिसते. माणूस तोच, सुरावट तीच. रेकॉर्डवर तारा मोजता येतात, मंचावर त्यांची भिंत होते. अर्थात स्टुडिओ आणि मंच यांचे बाकी सगळे फरकही त्यात मिसळलेले आहेत, तरी जोडीतली बारीक तार कुठे ऐकू येते आणि कुठे नाही एवढं लक्ष ठेवून ऐकलं, तर मी काय म्हणतो ते कळेल.

फेंडरची ही गिटार १९६५ मध्ये आली आणि दशक संपता संपता बंद झाली. तिच्या पिकअपची कल्पना मला फार पटते. पिकअपचे दोन तुकडे केलेले, एक तुकडा खर्जाच्या तीन जोड्यांखाली आणि दुसरा थोडा सरकवून वरच्या तीन जोड्यांखाली. गुणगुण खोडायला दोन कॉइल मिळाल्या, आणि तरीही प्रत्येक तारेला ऐकणारी कॉइल एकच, जागाही एकच. मंडपात न्यायची झाली तर मी अशीच गिटार नेईन.

रिकनबॅकरची ३६०/१२ हिची थोरली. पूर्ण पहिली म्हणता येणार नाही. डॅनइलेक्ट्रो कंपनीने १९६१ मध्येच इलेक्ट्रिक बारातारी काढली होती, लिपस्टिकच्या नळ्यांत बसवलेल्या पिकअपची. पण जगाने बारातारी ओळखली ती रिकनबॅकरमुळे. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स पहिल्यांदा अमेरिकेत आले तेव्हा न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज हॅरिसनच्या हाती ती पडली, आणि त्याच वर्षी ‘अ हार्ड डेज नाइट’च्या सुरुवातीच्या त्या एका झंकारात ती जगाने ऐकली. तो चित्रपट पाहून रॉजर मॅग्विनने तशीच गिटार घेतली आणि जानेवारी १९६५ मध्ये बर्ड्झ या मंडळीचं ‘मिस्टर टँबरीन मॅन’ ध्वनिमुद्रित केलं. हीच मंडळी पंडित रविशंकरांच्या रेकॉर्डी भक्तिभावाने ऐकत होती. त्यांच्या १९६६ च्या ‘एट माइल्स हाय’मागे जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन आणि रविशंकरांची सतार दोन्ही आहेत. तरफांचा झणकार ऐकलेला कान बारा तारांकडे वळला, यात मला आश्चर्य वाटत नाही.

रिकनबॅकर आणि फेंडर या दोन गिटारी सारख्या का बोलत नाहीत याची दोन कारणं पिकअपच्या बाहेरची आहेत आणि ती सहज विसरली जातात. रिकनबॅकरच्या नेहमीच्या घोडीवर तारा टेकायला सहाच आधार असतात, म्हणजे जाड आणि बारीक तारेला एकच. दोघींना लागणारी नेमकी लांबी वेगळी असते, त्यामुळे पडद्यांवर वर जाल तशी जोडी किंचित फाटत जाते. फेंडरने बारा तारांना बारा आधार दिले. तिथे जोडी शेवटपर्यंत सुरात राहते. कोणाला काय आवडेल ते ज्याचं त्याने ठरवावं, पण रिकनबॅकरच्या त्या झळाळीत थोडं बेसूरपण मिसळलेलं आहे हे खरं. दुसरं कारण तारांच्या क्रमाचं. बहुतेक बारातारींवर हात खाली येताना आधी बारीक तार लागते आणि मग जाड. रिकनबॅकरने हा क्रम उलटा ठेवला: आधी जाड, मागून बारीक. मूळ सूर आधी ठसतो आणि सप्तक त्याच्यावर चढतं. तारा अदलाबदल करून ऐका, दुसरंच वाद्य हातात आल्यासारखं वाटतं.

मित्राच्या गिटारीचं निदान मात्र वेगळंच निघालं. तिच्या हमबकरवर पिवळीधमक झाकणं होती. कंपनीची झाकणं काळवंडली म्हणून त्याने हौसेने आमच्याच गावातून पितळेच्या पत्र्याची बनवून घेतली होती. काम इतकं सफाईदार, की कुणीही वाखाणावं. पण चुंबकीय क्षेत्र बदलतं तेव्हा वीज फक्त तांब्याच्या वेढ्यांत उमटत नाही, मध्ये येणाऱ्या प्रत्येक धातूच्या पत्र्यात उमटते. पत्र्यात भोवऱ्यासारखी फिरणारी ही वीज मूळ बदलालाच विरोध करते, आणि बदल जितका वेगवान तितका विरोध जास्त. म्हणजे वरचे सूर आधी अडतात. पत्रा जितका चांगला वाहक तितकं हे वाईट. म्हणून पिकअपची झाकणं जर्मन सिल्व्हरची करतात. आपल्याकडे ज्याला जर्मन किंवा जर्मल म्हणतात ते भांड्यांचं ॲल्युमिनियम हे नव्हे. हा तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, चांदीचा यात कणही नसतो. निकेलमुळे त्याची वीजवाहकता पितळेच्या चौथा-पाचवा हिस्साच राहते, आणि वरचे सूर बऱ्यापैकी सुटून जातात. ज्या पितळेच्या गुंडाला टिचकीने घंटेसारखा आवाज येतो, तेच पितळ पिकअपवर घातलं की घंटा गप्प करतं. आम्ही झाकणं उचलून बाजूला ठेवली आणि तिसरी जोडी छेडली. बारीक तार ऐकू आली.

पूर्ण नाही, पण आली. मग पिकअप खाली घेतले. चुंबक तारांच्या फार जवळ असला की तो त्यांना ओढतो. तारेची एक दिशेची थरथर दुसरीपेक्षा मंदावते आणि एकाच तारेत दोन सूर असल्यासारखा खोटा हेलकावा येतो. सहा तारांवर हा दोष लगेच कळतो. बारातारीवर तो खऱ्या विस्पंदात लपतो आणि वाजवणारा दिवसभर खुंट्या पिळत बसतो, गिटार सुरात येत नाही म्हणून. शेवटचा पडदा दाबून तार आणि पिकअप यांच्यात तीन-साडेतीन मिलिमीटर अंतर ठेवलं आणि हा त्रास गेला. आवाज लहान झाला. तो ॲम्प्लिफायरवर वाढवता येतो. पिकअपने एकदा गाळलेली तार मात्र नंतर कुठल्याही बटणाने परत येत नाही.

बारीक तारेबद्दल एक शंका मलाही होती. एवढी कमी जाडी, एवढं कमी पोलाद, मग पिकअपला तिचा आवाज पुरेसा पोचतो कसा? उत्तर फॅरडेच्या नियमातच आहे. वीज तार किती हलली यावर ठरत नाही, किती वेगाने हलली यावर ठरते. सप्तक वरची तार तेवढ्याच झोक्यात दुप्पट वेगाने हलते, म्हणून तिची वीजही त्या हिशेबाने वाढते. निसर्गानेच बारीक तारेची बाजू घेतली आहे. आपण फक्त मध्ये पितळ आणि जादा वेढे आणू नयेत.

बारातारीचा झंकार लवकर ओसरतो. मॅग्विनच्या ध्वनिमुद्रणात रे गेरहार्ट या अभियंत्याने कॉम्प्रेसर लावून तो लांबवला: मोठा आवाज दाबायचा, ओसरता वर उचलायचा. आज तेच काम पायाखालची एक पेटी करते, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर. अशा बॅटरीच्या पोटातली काळी भुकटी म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. आमच्या तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून मॉइल कंपनी जे खनिज काढते ते याच कामाचं, कोरड्या बॅटरींच्या कारखान्यांना जाणारं. इथल्या ऑर्केस्ट्रातल्या पोरांना हे सांगितलं की ती बॅटरी उलटीसुलटी करून पाहतात.

तुम्ही बारातारी घ्यायला निघाला असाल तर आपली केबल सोबत न्या, आणि सगळ्या गिटारी त्याच केबलवर, त्याच ॲम्प्लिफायरवर ऐका. तारा जुन्या असतील तर बदलून मागा. पिकअपवर झाकण असेल तर ते कशाचं आहे ते विचारा, आणि पिकअप खाली घ्यायला सांगायला संकोच करू नका. मग बाकी तारांवर हात ठेवून तिसरी जोडी एकटी छेडा, सावकाश, दहा-बारा वेळा. ती ०.२ मिलिमीटरची तार स्वतंत्र ऐकू आली तर ती गिटार घ्या. नाही आली तर किंमत कितीही कमी असो, ठेवून या.